हात सुटण्याची वेळ

आपल्या घरात कोणी सकाळचा चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आहे काय? दवाखान्यात येणाऱ्या अनेक कुटुंबांना मी हल्ली हा प्रश्न विचारते. २०११ साली तो मी माझ्याच घरात विचारायला हवा होता. तेव्हा मला तो सुचला नाही, आणि त्याची किंमत माझ्या सासूबाईंच्या बोटांनी मोजली.

त्यांना मी आईच म्हणते. त्या वर्षी त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. साताऱ्यात आमचे घर वरच्या मजल्यावर आणि माझा दवाखाना खाली. सकाळचा ओटा आईंचा आणि संध्याकाळचा माझा, अशी न बोलता झालेली वाटणी कित्येक वर्षे चालत आली होती. त्या उन्हाळ्यापासून मात्र आई उशिरा उठू लागल्या. उठल्या तरी पलंगाच्या कडेवर बसून राहत. दुधाची पिशवी मी फोडावी, कणीक मी मळावी, न्हाणीघरातला नळही मीच सोडून द्यावा. दहा वाजून गेले की त्याच आई तरतरीत होऊन भाजी निवडायला बसत. मी पडले दवाखान्याची घाई असलेली सून. मला यातून एकच अर्थ दिसला. लिहिताना आजही संकोच होतो, पण लिहिलेच पाहिजे. मला वाटले, त्या काम टाळीत आहेत. दुपारी शेजारी गप्पांना जाताना हात कसे बरे असतात, असे मी एकदा यजमानांना म्हणालेही.

बोटे दुखतात हे आईंनी मला सांगितले नव्हते असे नाही. दोनदा सांगितले. दोन्ही वेळा मी कपाटातली वेदनाशामक गोळी काढून दिली आणि म्हणाले, "वयाप्रमाणे थोडं होणारच, आई." समोरच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला मी इतक्या सहज वाटेला लावले नसते. डॉक्टरच्या घरातल्या माणसांना खुर्ची मिळत नाही, हेच खरे.

डिसेंबरात नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले आणि चुडा भरायला कासार घरी आले. आईंचे माप सव्वादोन, ते त्यांना पाठ होते. नेहमीप्रमाणे त्यांनी आईंचा हात हातात घेतला, बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाबून तो निमुळता केला, आणि आई अशा कळवळल्या की खोलीतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. त्यांनी हात लगेच सोडला. "काकू, हात सुजलाय तुमचा. सव्वादोन राहू द्या, अडीचची पण जायची नाही. घरात डॉक्टरीणबाई असून दाखवला नाहीत होय?"

बोटांच्या मुळाचे सांधे असे आडवे दाबून पाहणे ही आमच्या वैद्यकातील अगदी प्राथमिक तपासणी आहे. सात महिन्यांत मी ती केली नव्हती. बांगडी चढवता चढवता ती कासाराकडून झाली.

त्या रात्री मी आईंचे हात दिव्याखाली घेऊन पहिल्यांदा नीट पाहिले. मनगटे आणि बोटांच्या मुळाचे सांधे दोन्हीकडे सारखेच फुगलेले, स्पर्शाला कोमट. मी विचारले, सकाळी उठल्यावर मूठ वळायला किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, "हात सुटायला दीड-दोन तास जातात गं. तोवर ते माझे नसतातच." दोन आठवड्यांनी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी निदान पक्के केले: आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट 'संधिवात' म्हणण्याची रीत आहे आणि तिथेच पहिली गफलत होते. वयानुसार सांध्यांची झीज होते ती वेगळी. तिच्यातही सकाळी आखडल्यासारखे वाटते, पण ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. चालले, काम केले की दुखणे वाढते आणि बसले की बरे वाटते. आमवाताची चाल उलटी असते. सकाळचा ताठरपणा तास-तास टिकतो आणि हालचालीने हळूहळू उतरतो. बोटांची मुळे, मधली पेरे, मनगटे, पावलांचे पुढचे सांधे असे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरले जातात. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडू लागते. थकवा, बारीक कणकण, भूक मंदावणे हेही याच आजाराचे भाग आहेत. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पटींनी अधिक दिसतो. रक्तातील 'आर.ए. फॅक्टर'वर एकट्यावर विसंबू नये. निरोगी वृद्धांतही तो कधीकधी आढळतो आणि आजार असूनही काहींत आढळत नाही. म्हणून आपण डॉक्टरांना दुखणे सांगाल तेव्हा सकाळची हकीकतही सांगा. 'वयाप्रमाणे होणारच' असे उत्तर मिळाले, तर ते माझ्यासारख्या डॉक्टरकडून आले असले तरी, पुन्हा विचारा.

वेदनाशामक गोळी दुखणे झाकते, हाड कुरतडणे थांबवीत नाही. ते थांबवणारी औषधे निराळी असतात आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर लाभ अधिक. ते महिने आमच्या घरी वाया गेले. आईंच्या उजव्या हाताची दोन बोटे करंगळीच्या दिशेने कलली आहेत. ती आता सरळ होणार नाहीत.

या औषधांतले एक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल: मेथोट्रेक्सेट. त्याविषयी जरा सविस्तर सांगते. मोठ्या मात्रेत ते कर्करोगावर वापरतात. आमवातात ते अल्प मात्रेत, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असते, तीही पुष्कळदा लहान आणि पिवळसर. आमच्याकडे मेथोट्रेक्सेट रविवारी आणि फॉलिक ॲसिड उरलेले सहा दिवस असा क्रम होता. सात खणांची डबी मी भरीत असे.

२०१३ च्या पावसाळ्यात माझी आई आजारी पडली म्हणून मी कोल्हापूरला माहेरी गेले. डबी माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी भरली. औषधाच्या दुकानातून त्या वेळी दुसऱ्याच कंपनीचे पाकीट आले होते. अण्णांनी चष्मा पुसून, मन लावून, सहा खणांत एक पिवळी गोळी घातली आणि रविवारच्या खणात दुसरी. फक्त गोळ्यांची अदलाबदल झाली होती.

पाचव्या दिवशी रात्री फोनवर आई म्हणाल्या, "तोंड सोलल्यासारखं झालंय, वरणभातसुद्धा झोंबतो." मी अण्णांना पाकिटावरचे नाव एकेक अक्षर करून वाचायला लावले. ते 'एम' म्हणाले आणि माझे हातपाय गार पडले. आईंना त्याच रात्री रुग्णालयात नेले. रक्तातील पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शने सुरू झाली, आणि अकरा दिवसांनी त्या घरी आल्या.

त्या अकरा दिवसांत अण्णा बाकावर बसून एकच वाक्य म्हणत, "मी तिला माझ्या हातानं विष दिलं." मी त्यांना सांगितले, आणि आपल्यालाही सांगते, की चूक माझी होती. दीड वर्ष मी डबी भरली, पण दोन पिवळ्या गोळ्यांपैकी कोणती जिवावर बेतू शकते हे घरातल्या एकालाही सांगितले नव्हते. शुश्रूषा एकट्याने केली की ज्ञानही एकट्यापाशीच राहते.

रक्ताचे आकडे पूर्ववत झाल्यावर तज्ज्ञांनी तेच औषध पुन्हा सुरू केले, कारण दोष औषधाचा नव्हता. या वेळी वार अण्णांनी निवडला. दर गुरुवारी संध्याकाळी ते दत्ताच्या देवळात जात. देवळातून आल्यावर, जेवणानंतर, 'गुरुवारची गोळी' असे ठरले. ती एका निराळ्या स्टीलच्या डबीत, डबीवर मोठ्या अक्षरांत वार, आणि गोळी देणारा माणूस एकच. आपणही चिठ्ठीवर वाराचे नाव डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. गोळी विसरली तर आपल्या मनाने दोन्ही एकदम देऊ नका, विचारा. रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला व दम, अंगावर विनाकारण निळे डाग यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या डॉक्टरांकडे लघवीच्या संसर्गासाठी किंवा आणखी कशासाठी गेलात तर हे औषध चालू असल्याचे आधी सांगा. काही प्रतिजैविके यासोबत घातक ठरतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते अचानक बंद करू नका. आणि 'आठ दिवसांत गुण' देणाऱ्या बेनावाच्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि मग गुण येतो तो त्याचाच.

त्या प्रसंगानंतर अण्णा बदलले. आयुष्यात स्वतःचा चहा कधी गाळून न घेतलेला हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर सकाळी पाणी तापवू लागला. आई कोमट पाण्यात हात बुडवून बसत आणि पाण्यातच बोटे उघडमीट करीत. ब्लाउजचे हूक लावताना अण्णा पहिले कित्येक दिवस दार लावून घेत. आईंना उठवताना हात धरून ओढायचे नाही, कोपराखाली आधार द्यायचा, हे मी त्यांना एकदा दाखवले. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच शिकवू लागले. त्यांनीच सुताराला बोलावून दाराच्या गोल मुठी काढून आडव्या दांड्यांच्या कड्या बसवल्या, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, आणि आईंच्या खुर्चीखाली लाकडी ठोकळे लावून ती उंच केली.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळेच प्रेमापोटी चुकत होतो. आईंच्या हातातले प्रत्येक काम आम्ही काढून घेऊ लागलो. एके दुपारी त्या शांतपणे म्हणाल्या, "सकाळी हात माझे नसतात, ते समजू शकते. दुपारीही तुम्ही ते माझ्याकडून काढून घेता." तेव्हापासून दुपारची कामे त्यांची: मटार सोलणे, पालेभाजी निवडणे, देवाची वाती-फुले. सांधे फार सुजले असतील त्या दिवशी विश्रांती, एरवी काम. सुजेच्या दिवसांतही सांधे हलकेच पूर्ण हलवून घ्यायचे, नाहीतर ते आखडतात.

अण्णांचा सर्वांत मोठा शोध कॅलेंडरचा. रोज सकाळी आई म्हणत, "सुटले गं बाई हात," आणि अण्णा घड्याळ पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहीत. ९.४०. ९.१५. ८.३०. 'दुखणे कसे आहे?' या प्रश्नाला वृद्ध माणूस 'बरे आहे' असेच उत्तर देतो. घड्याळ भीड धरीत नाही. पुण्याला जाताना अण्णा जुनी पाने गुंडाळून नेत, आणि तज्ज्ञ अहवालांच्या आधी ती पाने पाहत. औषध लागू पडते आहे की नाही, हे त्यांवरून सरळ कळे.

अण्णांची हेळसांड मात्र आमच्याकडून झाली. त्यांचा रक्तदाब वाढत होता, रात्रीची झोप तुटत होती, आणि तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आठवड्यातून दोन सकाळी मी आणि यजमान वाटून घेऊ, हे आम्हाला फार उशिरा सुचले. शुश्रूषा करणाऱ्याचे वय आपण विसरतो. घरातल्या आजारी माणसाची तपासणी असेल त्या दिवशी त्याच्यासोबत आलेल्याचाही रक्तदाब मोजून घ्या. दवाखान्यात मी आता तो न विचारताच मोजते.

अण्णा गेले त्याला काही वर्षे झाली. त्यानंतरचे तेरा दिवस कॅलेंडरातले चौकोन कोरे आहेत. चौदाव्या दिवशी मी सकाळी ओट्याशी असताना आईंनी पेन्सिल मागितली. तिच्याभोवती रुमाल गुंडाळून, मुठीत धरून त्यांनी आकडा लिहिला: ९.५०. इतका उशीर कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी मागे मोजले, आणि ध्यानात आले की दोन गुरुवार गोळी कोणी दिलीच नव्हती. देवळातून येणारे माणूस नव्हते, म्हणून गुरुवारही आले नव्हते.

तज्ज्ञांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली. आता गुरुवारी रात्री ती यजमान देतात, मी बाहेरगावी असले तरी फोनवर दोघांकडून वार वदवून घेते, आणि वेळ आई स्वतः लिहितात. आजच्या चौकोनात ७.३५ आहे. त्या आत मटार सोलत बसल्या आहेत. निम्म्या शेंगा मात्र त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. संध्याकाळचा ओटा अजून माझाच आहे.