पाळणाघराचं बस्तान

पाळणाघर हलवलं असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "टेम्पोवाल्याने किती घेतले?" नातेवाईकांत हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आता मी विचारायच्या आधीच सांगून टाकते. दोन फेऱ्या, पाच हजार. तेवढ्यात चौदा छोट्या गाद्या, दोन झोळ्या, एक लाकडी पाळणा, खेळण्यांची तीन पोती आणि वाट्या-चमचे डोंबिवलीहून मोहन्याला आले. मुलं मात्र एकही आलं नाही.

"का गं, असं किती लांब आहे?" हा दुसरा प्रश्न. लांब नाहीच मुळी. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली. चौथ्या स्टेशनला उतरायचं आणि रिक्षात बसायचं. पण पाळणाघर दिशेवर चालतं हो. आई सकाळी घरातून निघते ती मुंबईच्या दिशेने. मूल, मुलाची पिशवी, स्वतःची पर्स आणि डबा असा सगळा लवाजमा घेऊन ती स्टेशनच्या वाटेवरच्या एका दाराशी थांबते आणि पुढे पळते. ते दार वाटेवर असेल तरच उपयोगाचं. कल्याणच्या पुढे उलटं येऊन मूल सोडायचं आणि परत ठाण्या-मुंबईची गाडी पकडायची, हे कोणाला जमणार? मलाही ते कोणाला सांगवेना.

हलवायचं कारण आपल्याकडचं नेहमीचंच. इमारत पुनर्विकासाला गेली. २००३ साली सुरू केलेलं पाळणाघर २०२३ च्या मे महिन्यात रिकामं करावं लागलं. आसपास जागा शोधल्या. पाळणाघर म्हटल्यावर घरमालकांचा चेहरा बदलायचा. मुलांचा आवाज, जिन्यातल्या चपला, दारातल्या रिक्षा. डिपॉझिटचे आकडे तर ऐकूनच खाली बसावं असे. धाकट्या दिरांची मोहन्यात पहिल्या मजल्यावर जागा रिकामी होती. ते म्हणाले, "वहिनी, भाडं नंतर बघू, आधी या." आलो.

तळमजला मुलांना सोयीचा असतो हे मान्य. पण उल्हास नदी इथून जवळ आहे आणि २६ जुलै २००५ मी विसरलेली नाही. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या आणि सात मुलं रात्रभर माझ्याकडे राहिली. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. एक बाळ तर दहा महिन्यांचं. त्याची आई दुसऱ्या दिवशी दुपारी, बरीचशी वाट चालत आली. दारात तिने आधी मुलाला घेतलं नाही, जिन्याच्या पायरीवर बसून रडून घेतलं. त्या रात्रीनंतर डोंबिवलीत मला कधी कोणाला 'आमच्याकडे मूल ठेवा' असं सांगावं लागलं नाही. पुढची अठरा वर्षं त्या एका रात्रीच्या पुण्याईवर गेली म्हणा ना.

मोहन्यात ही पुण्याई कोणाला ठाऊक? इथे मी म्हणजे नवीन आलेल्या बाई.

आता थोडं मोहन्याबद्दल. हे गाव ओळखलं जायचं ते एनआरसीमुळे, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. रेयॉनचा धागा बनवणारा मोठा कारखाना, शेजारी कामगारांची वसाहत. २००९ च्या नोव्हेंबरात कंपनीला टाळं लागलं आणि हजारो घरांचा पगार थांबला. शेजारच्या आजी सांगतात की पूर्वी घरातलं घड्याळ पाळ्यांवर चालायचं. पुरुष कुठल्या पाळीला आहे त्यावर जेवण कधी, झोप कधी आणि मुलांनी गप्प कधी बसायचं हे ठरायचं. कंपनी बंद झाल्यावर त्यांची सून कल्याणला कपड्यांच्या दुकानात लागली. नातवंडं आजींनी सांभाळली. "तेव्हा पाळणाघर कुठलं? मीच पाळणाघर," असं म्हणून हसतात.

पहिले दोन महिने एकही मूल आलं नाही, त्याचं कारण मला आजींच्या बोलण्यात सापडलं. इथे सांभाळणाऱ्या आज्या आहेत, मावश्या आहेत, शेजारणी आहेत. परक्या बाईला पैसे देऊन मूल सोपवायचं हे अनेकांना जरा कठोरच वाटतं. त्यात २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्हीचं चित्रण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. ते बघून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. मला राग येत नाही त्याचा. २०२० च्या लॉकडाउनमध्येही गाद्या अशाच रचून ठेवल्या होत्या, पण तेव्हा मुलं परत येणार हे माहीत होतं. या वेळी रोज सकाळी केर काढून, पाणी भरून मी नुसती बसून राहायचे. ह्यांनी एकदा हळूच विचारलं, "बंद करायचं का?" मी उत्तर दिलं नाही.

अशा वेळी मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे काम कोसबाडला गेलं. कुठे त्या आणि कुठे मी, पण एवढं कळलं की डोंबिवलीचं पाळणाघर इथे जसंच्या तसं मांडून चालणार नाही.

मग आजींबरोबर मी घरोघर गेले. बायका काय काम करतात, किती वाजता निघतात, हे विचारत बसले. कोणी धुण्याभांड्याला, कोणी दुकानात, कोणी घरी बसून पॅकिंग करणारी. डोंबिवलीत माझा दर महिन्याचा होता, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. इथे काहींना चारच तास हवे होते, काहींना आठवड्यातले तीन दिवस. पैसे आठवड्याला मिळणार, तर महिन्याचे आगाऊ कुठून देणार? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण चार घरची भांडी घासणारीला कुठली आस्थापना?

तेव्हा वही बदलली. तासावर हिशेब, आठवड्याला पैसे. डबा नसेल तर वरणभात माझा. पहिली आली ती दीड वर्षाची मुलगी. तिची आई तीन दिवस दारातच बसून राहिली. मी म्हटलं, "बस बाई, हवं तेवढं." चौथ्या दिवशी ती कामावर गेली.

आज अकरा मुलं आहेत. डोंबिवलीत मिळायचे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळतात. दिरांना भाडं सुरू केलंय, त्यांनी नको म्हटलं तरी. बंद होण्याची वेळ मात्र मला ठरवता आलेली नाही, ती रेल्वे ठरवते. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच रुळांवरून धावतात. एखादी मेल पुढे काढली की आपली लोकल उभी. तिसऱ्या मार्गिकेचं काम चालू आहे, होईल तेव्हा होईल. पाटीवर 'संध्याकाळी ७ पर्यंत' लिहिलंय, पण शेवटचं मूल गेल्याशिवाय दार लागत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या पावसाळ्यात एकदा गाड्या रखडल्या. साडेनऊ वाजले तरी चार मुलं माझ्याकडेच. खिमट करून भरवलं, झोळीत एकाला जोजवलं. एका आईचा शहाडहून फोन आला, घाबरलेला आवाज. मी म्हटलं, "जेवलाय, झोपलाय. सावकाश ये." पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग म्हणाली, "बरं काकू." त्या 'बरं काकू'नंतर मला पहिल्यांदा वाटलं की सामान पोचलं बुवा एकदाचं.

परवा बदलापूरला जागा बदलणाऱ्या एका मैत्रिणीने काय काय तयारी करू म्हणून विचारलं. मी सांगितलं, जिन्याला फाटक लाव, वहीत प्रत्येक मुलाच्या घरचे तीन फोन नंबर लिही, जवळचा डॉक्टर आधी गाठून ठेव आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ. आणि शेजारची एखादी आजी धर. ती दहा पाट्यांना भारी पडते.

असो. चार वाजत आले. आतली दोन उठलीत आणि तिसऱ्याला उठवायच्या बेतात आहेत. दूध गरम करायला हवं.