चार रात्रींचा हिशेब

व्यापारी घरातील माणूस परदेशी निघाला की त्याच्या आधी त्याची वही निघते. तिकीट किती, राहणे किती, वाटेत खाणे किती, हे मांडल्याशिवाय त्याला प्रवासाचा आनंद घेताच येत नाही. ही सवय वाईट नाही. अनेक पेढ्या याच सवयीवर उभ्या राहिल्या आणि टिकल्या. मात्र वहीत एक उणीव असते. जे रुपयांत मांडता येते तेवढेच तिच्यात उतरते, आणि जे मांडता येत नाही ते घडलेच नाही असा समज हळूहळू होत जातो.

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे अडतीचा व्यवसाय केलेल्या एका गृहस्थांची ही हकिकत आहे. पेठेत आणि घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. सत्तरी गाठल्यावर त्यांनी पेढी मुलाच्या हाती सोपवली होती. मुलगी लग्नानंतर कॅनडात मॉन्ट्रियलला स्थायिक झाली होती. उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे जाऊन राहावे असे ठरले, तेव्हा अण्णांनी सहज पत्नीला विचारले, ‘‘अगं, तुला तिकडे काही पाहायचे आहे का?’’ काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. ‘‘क्वेबेक शहर. चार दिवस. आणि आपण दोघांनीच जायचे.’’

अण्णांना नवल वाटले. नायगारा ठाऊक होता, टोरांटो ठाऊक होते. क्वेबेक हे त्या प्रांताचे नाव आहे एवढेच त्यांना माहीत होते. त्याच नावाचे शहर मॉन्ट्रियलपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर सेंट लॉरेन्स नदीच्या काठी आहे, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. तेथील लोक त्याला ‘केबेक’ म्हणतात. नदी जिथे अरुंद होते ती जागा, असा त्या मूळ आदिवासी शब्दाचा अर्थ. साम्युएल द शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने 1608 साली तेथे वसाहत उभारली. 1759 मध्ये गावाबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि 1763 च्या तहाने सारा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. राज्य गेले, पण भाषा गेली नाही. आजही तेथे घरात, दुकानात, शाळेत आणि कचेरीत फ्रेंचच चालते. 1977 च्या कायद्याने त्या भाषेचे स्थान आणखी पक्के केले. मेक्सिकोच्या उत्तरेस, अमेरिका खंडात, तटबंदी शाबूत असलेले हे एकमेव शहर. तट साडेचार किलोमीटरहून अधिक लांब आहे. 1985 पासून जुन्या शहराची गणना जागतिक वारशात होते.

काकूंना हे सारे ठाऊक होते, कारण त्या माहेरच्या पुण्याच्या. लग्नापूर्वी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एक वर्ष फ्रेंचचा अभ्यास केला होता आणि त्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या होत्या. दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा लग्न ठरले होते. ‘‘हळदीच्या पेढीवर फ्रेंच कोणाशी बोलणार?’’ असे सासरे हसत म्हणाले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. अण्णा तेथेच बसले होते, ते काही बोलले नाहीत. विषय तेथेच संपला. पुढे चाळीस वर्षे काकूंनी घर सांभाळले, सणावारी पाहुण्यांच्या पंगती उठवल्या, हंगामात रात्री उशिरापर्यंत खतावणीही लिहिली. फ्रेंचचे एक जाडजूड शब्दकोशाचे पुस्तक मात्र कपाटात साड्यांच्या खाली राहिले.

अण्णांनी नवी वही उघडली. जावयाने फोनवरून सोपा मार्ग सुचवला होता. जुन्या शहरापासून दूर सँत-फ्वा भागात महामार्गालगत मोठी हॉटेले आहेत. खोली प्रशस्त, लिफ्ट आहे, इंग्रजी चालते आणि रात्रीला 95 डॉलर पडतात. तटाच्या आतली किंवा जवळची जागा 130 डॉलरच्या खाली मिळत नव्हती. चार रात्रींत 140 डॉलरचा फरक. वर कर होताच. त्या प्रांतात खोलीच्या भाड्यावर साडेतीन टक्के निवास कर, पाच टक्के केंद्राचा कर आणि 9.975 टक्के प्रांताचा कर लागतो. म्हणजे शंभरची खोली 119 च्या आसपास जाते. संगणकावर दिसणारा पहिला आकडा हा बहुधा करापूर्वीचा असतो, ही गोष्ट अण्णांनी वहीच्या डोक्यावरच लिहून ठेवली. डॉलरला साठ रुपये धरले तर फरक दहा हजारांच्या घरात जात होता. त्यांनी महामार्गावरच्या हॉटेलापुढे खूण केली.

काकूंनी वही पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘अहो, हळद घेताना तुम्ही नुसता भाव पाहता का?’’

हा प्रश्न अण्णांना लागला. माल पाहायचा तर रंग, ओल, काडीकचरा, वाहतूक, हमाली, सारे पाहावे लागते. त्यांनी नकाशा मागवून घेतला आणि पहिल्यांदाच ते शहर समजून घेतले. क्वेबेक दोन पातळ्यांवर वसले आहे. कड्यावरचे वरचे गाव आणि नदीकाठचे खालचे गाव. दोन्हींमध्ये उभा चढ. खालून वर जाण्यासाठी जिने आहेत, त्यांतल्या एकाचे नावच ‘मानमोड जिना’ अशा अर्थाचे आहे. 1879 पासून कड्याच्या अंगाने वर चढणारी रुळांवरची एक गाडीही आहे, पण तिचे भाडे निराळे. रेल्वे स्थानक खाली, तर 1893 साली उघडलेले प्रसिद्ध शातो फ्रोंतनाक हॉटेल आणि त्यासमोरचा लाकडी फळ्यांचा लांब सज्जा वर. काकूंचे गुडघे चार वर्षांपासून दुखत होते. खालच्या गावातली स्वस्त खोली घेतली तर रोजच्या चढउतारात त्यांचा निम्मा दिवस आणि सारे बळ खर्ची पडले असते.

मग बाकीचे पर्याय तपासले गेले. उन्हाळी सुट्टीत लाव्हाल विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोल्या प्रवाशांना मिळतात. त्या स्वस्त आहेत, जुन्या शहरापर्यंत थेट बसही आहे. पण खाट अरुंद आणि न्हाणीघर सामाईक. तटाच्या आत ऑगस्टिनियन जोगिणींचा जुना मठ आता निवासस्थान झाला आहे. 1639 साली फ्रान्सहून आलेल्या तीन जोगिणींनी तेथे रुग्णालय सुरू केले होते. त्यांच्या साध्या कोठड्यांत आज पाहुणे राहतात आणि सकाळची न्याहारी मौन पाळून करतात. हे वाचून काकू प्रसन्न झाल्या, पण तेथे स्वतः शिजवण्याची सोय दिसेना. तटाच्या आतली छोटी निवासे दोनशे वर्षांच्या जुन्या घरांतली. त्यांपैकी अनेकांत लिफ्ट नाही आणि स्वस्त खोली हमखास माडीवरची.

शिजवण्याची सोय ही काकूंच्या दृष्टीने चैन नव्हती. त्यांना कंदमूळ चालत नाही, अंडे चालत नाही आणि जेवण सूर्यास्तापूर्वी. तिथला वाटाण्याचा प्रसिद्ध सूप बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजतो. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज घालून वर जो रस्सा ओततात तोही बहुतेक मांसाचाच असतो. तेव्हा मॉन्ट्रियलहून निघतानाच तांदूळ, मुगाची डाळ आणि भाजणी बरोबर घ्यायची आणि खोलीत छोटे स्वयंपाकघर असेल अशीच जागा पाहायची, असे ठरले.

अशी जागा सापडली ती तटाच्या बाहेर, सँ-झां दरवाजाच्या पलीकडे. त्याच नावाचा रस्ता दरवाजातून बाहेर पडून जुन्या वस्तीत शिरतो. वस्ती कड्याच्या माथ्यावरच असल्याने जुन्या शहरात जायला उभा चढ नाही, आणि तटाबाहेर असल्याने भाडे थोडे कमी. रात्रीला 130 डॉलर. अण्णांनी पुन्हा हिशेब मांडला. महामार्गावरच्या हॉटेलाचे करासह 452, याचे 619. पण तिकडे दोघांचे रोजचे बसभाडे चार दिवसांत पन्नासच्या वर आणि चूल नाही म्हणून बाहेरचे खाणे दिवसाला किमान चाळीस. दोन्ही मिळून दोनशेच्या वर गेले. स्वस्त वाटलेला माल महाग निघाला होता. अण्णांनी पहिली खूण खोडली, याचे काकूंपेक्षा पेढीवरच्या मुलालाच अधिक आश्चर्य वाटले.

तारखाही विचाराने निवडल्या. जानेवारी-फेब्रुवारीत हिवाळी उत्सव असतो, 24 जूनला प्रांताचा सण आणि जुलैत संगीताचा मोठा महोत्सव. त्या दिवसांत भाडी चढतात. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, तर मेच्या मध्यावर आठनंतर. संध्याकाळचे जेवण निवांतपणे करून पुन्हा फिरायला जाता येईल असे ते दिवस. 25 मेच्या आधीच्या सोमवारची सरकारी सुट्टी टाळून रविवार ते गुरुवार अशा चार रात्री ठरल्या, कारण शुक्रवार-शनिवारी भाव निराळा असतो.

एक मोह उरला. आजच पैसे भरले आणि परत मागणार नाही असे मान्य केले तर बारा टक्के सूट होती. करासह चार हजार रुपयांहून अधिक वाचत होते. अण्णांचा हात तिकडे वळला. पण अजून व्हिसा हाती आला नव्हता. व्हिसा मिळण्यापूर्वी न परतणारी रक्कम भरणे म्हणजे पावती न पाहता हुंडी स्वीकारण्यासारखे होते. शिवाय सत्तरीतल्या प्रकृतीचा भरवसा कोणी द्यावा? चार हजार ही बचत नव्हे, तर ती विम्याच्या हप्त्याइतकी रक्कम आहे, हे त्यांनी मान्य केले. निवासाला प्रांताच्या नोंदणीचा क्रमांक आहे ना, हे त्यांनी जीएसटी क्रमांक पाहावा तसे तपासले. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत रक्कम दाखवली तरी डॉलरच निवडायचा, कारण रुपयांतला दर विकणाऱ्याच्या सोयीचा असतो, हेही टिपले.

राहिला एकच प्रश्न. खोली तळमजल्यावर मिळेल का? संगणक त्याचे उत्तर देईना. मुलगी म्हणाली, मी विचारते. काकू म्हणाल्या, ‘‘नको. मी विचारीन.’’

फेब्रुवारीची संध्याकाळ होती. सांगलीत साडेसात वाजले की तिकडे सकाळचे नऊ. काकूंनी कागदावर वाक्ये लिहून घेतली होती. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. काकूंचा पहिला शब्द अडखळताच त्या बाई सौजन्याने इंग्रजीत बोलू लागल्या. काकू थांबल्या, आणि फ्रेंचमध्येच म्हणाल्या की, आपल्याला फ्रेंचमध्ये बोलायला आवडेल, फक्त जरा सावकाश.

मग त्या बोलत राहिल्या. लिफ्टला ‘आसाँसर’, तळमजल्याला ‘रे-द-शोसे’. चाळीस वर्षे साड्यांखाली राहिलेले शब्द एकेक करून वर आले. न्याहारीविषयी विचारले तेव्हा उत्तर आले, ‘देजने’ सात ते दहा. काकू गोंधळल्या. पुस्तकात ‘देजने’ म्हणजे दुपारचे जेवण. सकाळी सातला दुपारचे जेवण कसे? त्यांनी तसे विचारताच पलीकडच्या बाई मनापासून हसल्या आणि समजावू लागल्या. आमच्याकडे ‘देजने’ सकाळी, ‘दिने’ दुपारी आणि ‘सुपे’ संध्याकाळी. ही जुनी रीत, पॅरिसने सोडली, आम्ही ठेवली. काकूही हसल्या. पुण्याची मुलगी सांगलीत आली तेव्हा तिलाही असेच काही शब्द नव्याने शिकावे लागले होते.

शेवटी काकूंनी ‘मेर्सी’ म्हटले. पलीकडून ‘ब्यँव्हन्यू’ असे उत्तर आले. त्या प्रांतात आभारावर असे म्हणतात, पण काकूंनी पुस्तकात शिकलेला त्याचा अर्थ होता, ‘स्वागत असो.’ तळमजल्यावरची, अंगणाकडची खोली त्यांच्या नावावर ठेवली गेली होती. मुक्कामाच्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल अशा अटीवर.

अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून होते. त्यांना एक शब्दही कळला नव्हता. मात्र पत्नीच्या चेहऱ्यावरचे ते तेज त्यांनी यापूर्वी पाहिले नव्हते, आणि ते का पाहिले नव्हते हे त्यांना कळत होते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर सारे हसले होते, त्याचे उत्तर आज दिले गेले होते. त्या दिवशी फी किती होती, हे त्यांना आठवेना. कोणत्याही कीर्दीत ती लिहिलेली नव्हती, कारण ती भरलीच गेली नव्हती.

काटकसर आणि कंजुषी यांतील भेद रकमेत नसतो. काटकसर करणारा कशासाठी वाचवायचे हे जाणून वाचवतो. कंजुषाला त्याचा विसर पडलेला असतो. घरातील कोणाचे काय राहून गेले, याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ज्याचे राहिले तो मागायला येत नाही. असे देणे बुडीत खात्यात गेले असे मानण्याची सोय सर्वांनाच असते.

त्या रात्री अण्णांनी वही पुन्हा काढली. चार रात्रींचे 619 डॉलर, सदतीस हजार रुपये, कोणत्या खाती लिहायचे असा प्रश्न होता. ‘प्रवासखर्च’ असे लिहिलेले त्यांनी खोडले. काही वेळ थांबून, जुन्या वळणदार अक्षरात त्यांनी काकूंचे नाव लिहिले आणि पुढे दोन शब्द मांडले: ‘जुने देणे’.

मग त्याखाली, व्याजाच्या जागी, त्यांनी मोकळी ओळ सोडली.