मारत तर नाही ना?

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. हे आधीच सांगते, कारण मी तोंड उघडलं की समोरचा पहिल्यांदा तेच विचारायचा. आईने विचारलं, मोठ्या जावेने विचारलं, एका पोलीस चौकीतही विचारलं. "मारतो का?" "नाही." "दारू पितो?" "नाही." मग पुढे कुणाला काही विचारावंसंच वाटायचं नाही.

लग्नानंतर आम्ही शिरवळला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर, मी दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. माझा पगार माझ्याच नावावरच्या खात्यात जमा व्हायचा, पण खात्याला मोबाइल नंबर त्याचा आणि एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. सकाळी वडापपुरते पैसे तो मोजून हातात ठेवायचा. शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटवरून व्हिडिओ कॉल करून आजूबाजूला कोण आहे ते दाखवायचं. ओव्हरटाइम लागला तर तो सुपरवायझरला फोन करून खात्री करायचा. आईशी बोलायचं ते स्पीकर लावून. थायरॉईडच्या गोळ्या संपल्या की त्याला सांगायचं आणि त्याच्या मनात येईल तेव्हा त्या घरात यायच्या. भांडण झालेल्या आठवड्यात त्या यायच्याच नाहीत.

माझं माहेर भोर तालुक्यातलं. नीरेचा पूल ओलांडला की आमचा तालुका लागतो, तरी राखीपौर्णिमेला जायचं म्हटलं की आधी त्याचा चेहरा वाचावा लागे. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कंपनीतल्या बायका नायगावला निघाल्या. सावित्रीबाई १८३१ साली जिथे जन्मल्या ते गाव आमच्याच खंडाळा तालुक्यात, शिरवळपासून हाकेच्या अंतरावर. त्याने एवढंच विचारलं, "तिथं तुझं काय काम?" मी गेले नाही. पुढे पुढे त्याला विचारायचीही गरज उरली नाही. काय चालणार नाही ते मीच आधी ठरवायला लागले. कामावरही पाणी प्यायला जाऊ का, असं लाइनवरच्या पोरींना विचारायचे. माणूस आतून असा आवळला जातो, आणि बाहेरून संसार सुखाचा दिसतो.

"काळजीपोटी करतो गं," आई म्हणायची. "मारत तर न्हाई ना?" आईला मी दोष देत नाही. तिने मार पाहिलेला होता. तिच्या हिशेबी मी सुटलेली होते.

पॅकिंगमधल्या एका ताईंनी मला संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने हे पद निर्माण केलं. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मॅडमनी माझ्यासमोर कौटुंबिक घटना अहवालाचा छापील नमुना ठेवला आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. घराबाहेर पडू देत नाहीत का? ठरावीक माणसाला भेटायला मनाई करतात का? चारित्र्यावर संशय घेतात का? तुमचा पगार काढून घेतात का? औषधाला पैसे देत नाहीत का? मी प्रत्येक ओळीला मान हलवत होते. ज्याला मी इतकी वर्षं स्वतःचं नशीब, स्वतःचा हळवेपणा समजत होते, ते सगळं सरकारी कागदावर आधीच छापलेलं होतं. माझ्या आधी कितीतरी बायकांनी हेच सोसलं असणार, म्हणून तर ते छापलं गेलं.

या कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक-भावनिक छळ आणि आर्थिक छळही हिंसाच धरला आहे. वळ दाखवावा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळाला. बाईला तो मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. माझ्या प्रकरणात त्याहून बराच जास्त वेळ गेला, पण अंतरिम आदेश आधी मिळाला. त्याने माझ्या कामाच्या ठिकाणी यायचं नाही, फोन करायचा नाही, माझ्या पगाराला हात लावायचा नाही. मी बँकेत जाऊन नंबर बदलला. पहिल्या पगाराचा मेसेज माझ्या फोनवर आला त्या दिवशी मी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या.

तरीही एक उणीव राहते, आणि ती मला बोचते. आपल्याकडे अशा वागण्यावर दिवाणी स्वरूपाचा आदेश मिळतो. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनं ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आलं. मानसिक क्रूरता त्यातही आहे, पण हुंड्याची मागणी नसेल तर छळ असा लागतो की बाई जीव द्यायला प्रवृत्त व्हावी किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा व्हावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून जोडीदाराला सतत असं ताब्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. स्कॉटलंडने २०१९ पासून ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत नेली. तिथे सुटी सुटी घटना पाहत नाहीत, सलग वागणूक पाहतात. माझ्याबाबतीत तीच महत्त्वाची होती. एक व्हिडिओ कॉल, एकदा न आणलेली गोळी, एक नकार, यातलं एकेकटं सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढ्यावरून काय! रोजचं एकत्र मांडलं की मगच दिसतं, की बाईकडे स्वतःचं असं काहीच उरलेलं नाही.

मला त्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. मला माझा पगार आणि माझा रस्ता हवा होता, तो या कायद्याने दिला. पण चौकीत बसलेल्या माणसाला हे वागणं गुन्हा म्हणून शिकवलेलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने परतले नसते. म्हणून आपल्याकडेही ते स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात यावं असं मला वाटतं.

तोवर निदान प्रश्न तरी बदला. तुमची बहीण, भाची, शेजारीण गप्प गप्प राहू लागली तर तिला मारतो का एवढंच विचारून थांबू नका. तुझं कार्ड कुणाकडे असतं, माहेरी फोन एकटीने करतेस का, आजारी पडलीस तर दवाखान्यात स्वतःहून जाऊ शकतेस का, हे विचारा. उत्तर द्यायला तिला वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्याजवळ बसा, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून द्या. फोनमध्ये साठवू नका, कारण तो फोन रोज तपासला जात असेल.