मुंबईच्या बंदरात स्टीफन

पॅट्रिक ओब्रायनच्या सागरी कादंबऱ्यांची ऑब्री-मॅट्युरिन मालिका पुन्हा सुरू केली आहे. सकाळी चालताना ऑडिओबुकमधला पॅट्रिक टलचा आवाज कानात, रात्री तोच भाग ई-बुकवर, अक्षर मोठं करून. डोळे शिडांच्या, दोरखंडांच्या वर्णनावरून भरभर सरकतात. कानांना ती मुभा नाही. ऐकताना जाणवतं, कथेचा श्वास तिथेच आहे.

‘एचएमएस सरप्राइज’ (१९७३) मात्र माझं सगळ्यांत जिव्हाळ्याचं. त्यात जहाज मुंबईला येतं. स्टीफन मॅट्युरिन, डॉक्टर, निसर्गवेडा आणि गुप्तहेरही, गल्लीबोळांतून भटकतो आणि दिल नावाच्या एका गरीब, चुणचुणीत पोरीशी त्याची गट्टी जमते. तिला हव्या असलेल्या चांदीच्या बांगड्या तो मायेनं देतो, आणि त्याच तिच्या जिवावर उठतात. ओब्रायन तिथे एकही शब्द जास्तीचा लिहीत नाही. आज ते ऐकताना पाय थांबले. रात्री तोच उतारा वाचला, पुन्हा वाचला. मुंबईवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण इतक्या थोडक्यात इतकं खोल मला क्वचितच भेटलं.

मालिकेत वीस पूर्ण कादंबऱ्या आहेत. उद्यापासून ‘द मॉरिशस कमांड’.