धोबीतलावच्या इराण्याकडची न्याहारी

घरात सगळ्यांपुढे गरम नाश्ता ठेवणारी बाई स्वतः मात्र तो निवलेला आणि उभ्याउभ्याच खाते. डबे भरायचे, पोहे झाकून ठेवायचे, आणि मग ओट्याशी दोन घास. हे काही कुणी वेगळे सांगायला नको! म्हणूनच कधीतरी सकाळी बाहेर बसून, कुणीतरी आणून दिलेली बशी शांतपणे संपवणे ही आपल्या दृष्टीने चैन नव्हे, विसावा असतो. मुंबईत अशा विसाव्याची एक जुनी जागा आहे. धोबीतलावचे कयानी.

मरीन लाइन्स स्टेशनावर उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत निघालात की सिनेमासमोर जेर महाल ही जुनी इमारत लागते. तिच्या तळमजल्यावर हे दुकान १९०४ सालापासून आहे. मेट्रो उभे राहिले १९३८ साली, म्हणजे हा शेजारी त्याच्याहून चांगला चौतीस वर्षांनी थोरला. आत शिरले की लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेआड मांडलेली खारी, नानकटाई, मावाकेक. वर चढून गेले तर बसायला माळाही आहे. झगमगाट म्हणाल तर कुठेच नाही.

ही इराण्यांची हॉटेले मुंबईत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी ती थाटली. बरीचशी नाक्यावर, कोपऱ्याच्या जागेत. कोपऱ्याची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. घरातलाच कुणीतरी गल्ल्यावर, दुसरा भट्टीवर. कयानीचा कारभारही असाच घरातला. तो आज शोक्री कुटुंबाकडे आहे.

आपल्याकडे ‘इराण्याकडे जाणे’ ही फार दिवस पुरुषांची मिरास होती हो. कॉलेजकुमार, कारकून, गिरणीतले कामगार एका चहावर तास काढीत. अंड्याचा वास, परक्याच्या हातचा पाव, म्हणून घरातल्या आजीबाई नाक मुरडीत. बायका आल्याच तर कुटुंबाबरोबर, ‘फॅमिली रूम’च्या आडोशाला. आज मात्र झेवियर्सच्या मुली इथे वह्या पसरून बसतात. लघुवाद न्यायालयाची तारीख असलेल्या बाया आधी चहा घेतात. एकटी बाई बसली म्हणून कुणी वळून पाहत नाही. माझ्या मते या जागेची खरी गोडी इथेच आहे.

आता खायचे काय? बनमस्का म्हणजे मऊ, किंचित गोड पाव, मध्ये लोणी. ब्रून कडक पाठीचा. चहात बुडवल्याशिवाय त्याची मजा कळत नाही. चहा हवा तर ‘पानी कम’ सांगावा, म्हणजे दाट येतो. अंडे चालत असेल तर अकुरी घ्या: कांदा, मिरची, कोथिंबीर घालून ओलसर ठेवलेली भुर्जीच ती. उपासाच्या दिवशी मात्र जाऊ नका, मोह आवरायचा नाही!

ब्रून घरी न्यायचा असेल तर कागदात किंवा फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाफ कोंडते आणि पाठ चिवट होते. दुसऱ्या दिवशी तव्यावर मंद आचेवर कोरडाच शेकला की पुन्हा कुरकुरीत.

ही हॉटेले एकेकाळी शेकड्यांनी होती. आता मोजकीच उरली. कयानीच्या जवळचेच बस्तानी २००४ साली बंद झाले. मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत जातात, वाटण्या होतात, जुन्या इमारतींच्या जागी मनोरे येतात. त्यात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवा शुद्ध हवी, यात दुमत नाही. आपलीच मुले ती हवा घेतात. पण नवी भट्टी बसवायची म्हणजे खर्च आला, आणि छोट्या घरगुती बेकरीवाल्याला तो जड जातो. बेकरी मिटली की पाव गेला, आणि पाव गेला की इराणी कशावर चालणार?

आठवणीने हळहळून दुकाने टिकत नाहीत, गिऱ्हाइकाने टिकतात. तेव्हा ‘एकदा जाऊ या’ म्हणत बसू नका. एखाद्या सकाळी घरच्यांना म्हणावे, आज पोहे तुम्ही करा. आणि मैत्रिणीला, नाहीतर सासूबाईंना बरोबर घेऊन निघावे. ब्रून चहात बुडवायला दात मजबूत लागत नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा!