कोड उघडा, माणसं अनोळखी

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा कोड कुणीही वाचावा, असा उघडा आहे. पण वाचतं कोण? मी तरी नाही. रुबी भाषेतल्या त्या ओळी तपासण्याची माझी पात्रता नाही, आणि खरं सांगायचं तर उत्साहही नाही. म्हणजे शेवटी विश्वास टाकायचा तो माणसांवरच.

ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या मंचाने त्याचाच कोड उचलला. रोख्कोला ते मुळीच रुचलं नाही, पण परवानाच असा की थांबवता येईना. मला मात्र यातच दिलासा वाटतो. आपल्याच निर्मितीवर ज्याला हुकूम गाजवता येत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायला मी तयार आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर त्याने मालकी ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचं जाहीर केलं.

धास्ती आहे ती माझं खातं असलेला सर्व्हर चालवणाऱ्याची. तिथले खासगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. त्याने मनात आणलं तर तो ते वाचू शकतो. रोख्कोचं नाव जगाला माहीत, या गृहस्थाचं मलाही नाही! म्हणून तिथे मी कविता टाकते, फोटो टाकते, हिरिरीने वाद घालते. आजारपण, पैसे, भावकीची भांडणं मात्र ताईशी फोनवरच.