मोटारीचे गाऱ्हाणे

दिल्लीतील ज्या कचेरीत मी गेली नऊ वर्षे कारकुनी करीत आहे, तेथे माझ्याकडे लोकांच्या गाऱ्हाण्यांचे टेबल आहे. गाऱ्हाणे आले की त्याला क्रमांक द्यावा, ते योग्य त्या शाखेकडे पाठवावे आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून मोकळे व्हावे, हा माझा नित्यक्रम. तेव्हा गेल्या हिवाळ्यात माझी जुनी मोटार कुरकुरू लागली, तेव्हा तिच्याशीही मी त्याच रीतीने वागलो, यात नवल नाही.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिच्या पोटातून एक बारीक, रडका सूर निघे. पाय दाबावा तसा तो चढे आणि पाय काढला की उतरे. पहिले काही दिवस मी रेडिओ मोठा करून तो बुडवला. मग कोपऱ्यावरच्या एका गॅरेजात गाडी नेली. तेथल्या मिस्त्रीने बॉनेटही न उघडता, “बाबूजी, गिअरबॉक्स खोलना पड़ेगा,” असा निकाल देऊन अठरा हजारांचा आकडा सांगितला. मी प्रकरण तहकूब ठेवले.

अशात कोल्हापूरहून आबा आले. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात त्यांनी बत्तीस वर्षे मोटारी दुरुस्त केल्या आणि “तू हात काळे करू नकोस,” असे म्हणत मला पदवीपर्यंत शिकविले. निजामुद्दीन स्टेशनावरून त्यांना घरी आणताना आश्रमच्या उड्डाणपुलाचा चढ लागला आणि मोटारीने आपला सूर लावला. मी मोठ्या आशेने विचारले, “आबा, ऐकलंत?” आबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “गाडी चांगली हाय की!” मला थोडा रागच आला. जन्मभर परक्यांच्या मोटारींची दुखणी ऐकणाऱ्या माणसाला पोटच्या पोराच्या मोटारीकडे लक्ष द्यावेसे वाटू नये!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या उन्हात, क्वार्टरसमोर, मी बॉनेट उघडून गाडी चालू केली. आबा इंजिनवर वाकून उभे राहिले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. सूर इतका चढला की शेजारच्या लहान मुलीने कानांवर हात ठेवले. आबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. क्षणभराने त्यांनीच विचारले,

“झाला का आवाज?”

मी गाडी बंद केली.

“बारीक आवाज न्हाई येत आता,” ते म्हणाले. “तुझं बोलणं येतं. ह्यो न्हाई येत. तू ऐक. मी इचारतो.”

हातोड्यांच्या आणि इंजिनांच्या गदारोळात वर्षानुवर्षे राबलेल्या कानांतून उंच सूर आधी जातात, हे मी पुढे डॉक्टरांकडून ऐकले. त्या सकाळी मात्र मी नुसता उभा होतो.

मग आबांनी चौकशी आरंभली. गाडी उभी असता, न्यूट्रलमध्ये, आवाज येतो का? येतो. म्हणजे चाकांची बेअरिंगे सुटली. क्लच दाबून धरला तर थांबतो का? नाही. क्लच दाबला की इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. तरीही आवाज चालूच, तेव्हा गिअरबॉक्सही निर्दोष. अठरा हजार रुपये त्या एका प्रश्नाने वाचले. पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकल्यावर काही फरक? नाही. म्हणजे पट्टा घसरत नाही. पुढचे दिवे लावल्यावर? आवाज किंचित जड झाला. आबांनी मान हलवली. दिवे लावले की वीज निर्माण करणाऱ्या यंत्रावर भार पडतो. त्याला आपण ऑल्टरनेटर म्हणतो. आबा अजून डायनमोच म्हणतात.

त्यांनी मला गळ्यातला मफलर काढून ठेवायला लावला, एक लांब स्क्रूड्रायव्हर दिला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायला आणि टोक, फिरत्या पट्ट्यापासून जपून, ऑल्टरनेटरच्या अंगावर टेकवायला सांगितले. मोटारीचे सारे रडणे त्या लोखंडातून थेट माझ्या डोक्यात उतरले.

गाडी बंद करून आबांनी पट्टा उतरवला आणि ऑल्टरनेटरची पुली बोटांनी हळूच फिरवली. “खरखर लागतीया. हात लाव.” मी हात लावला. आत वाळूचे कण असावेत तसे वाटले. बेअरिंगमधले ग्रीस वाळले की पोलादी गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. आणि ऑल्टरनेटर इंजिनाच्या दुपटी-तिपटीने फिरत असल्याने त्या खड्ड्यांची टकटक एकजीव होऊन तिचा सूर बनतो. जे आबांच्या कानांना उमगले नव्हते, ते त्यांच्या बोटांना उमगले. माझे हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच काळे झाले.

काश्मिरी गेटहून दोन बेअरिंगे आणि नवा पट्टा आणला. बॅटरीची तार सोडून ऑल्टरनेटर उतरवला आणि ओळखीच्या एका मिस्त्रीकडून बेअरिंगे बसवून घेतली. सारा खर्च दोन हजारांच्या आत. संध्याकाळी रिंग रोडवर मी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

“गेला?” आबांनी विचारले.

“गेला.”

ते समाधानाने मागे टेकले. स्वतः न ऐकलेला आवाज थांबला, हे त्यांनी माझ्या शब्दावर मानले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. काचेच्या बंद खोलीत, कानांवर यंत्र चढवून आबा बसले होते. सूर ऐकू आला की बोट वर करायचे. आधी बोट झटपट वर जात होते. मग ते मांडीवरच राहिले. बाहेरच्या यंत्रावरचा आकडा चढत होता. बोट हलत नव्हते.

काचेपलीकडे बसून मला आमची दर रविवारची टेलिफोनवरची बोलणी आठवत होती. माझ्या प्रत्येक वाक्याला आबा नुसते “हं, हं” म्हणत, आणि सारे ठीक चालले आहे, असे समजून मी ‘पुढील कार्यवाहीसाठी’ फोन ठेवून देत असे.